शेवटच्या लेकराचा हिशेब

‘मोफत’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ‘लसीकरण मोफत’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. तेथे कोणी पैसे मागत नाही. परंतु जगात कोणतीही वस्तू मोल दिल्यावाचून एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. जे मोल घेणाऱ्याने दिलेले नसते, ते दुसऱ्या कोणी तरी दिलेले असते; आणि पुष्कळदा असेही घडते, की घेणाऱ्यानेच ते दिलेले असते, पण त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. म्हणून मुलांपर्यंत आणि वयात येणाऱ्या पोरापोरींपर्यंत लस पोचविण्यास किती खर्च येतो, हा प्रश्न केवळ आरोग्यखात्याच्या हिशेबनिसाचा नाही. तो खर्च कोणावर पडतो, आणि एखाद्या लेकरापर्यंत पोचणे फारच महाग पडत असेल तर ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार समाजाला आहे काय, हा नीतीचा प्रश्न आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विचार करण्यास आमच्या पिंपरी-चिंचवडइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. या नगरीच्या औद्योगिक इतिहासाच्या पहिल्या पानांवर औषधाचे नाव आहे. १९५४ साली भारत सरकारने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले आणि १९५५ पासून येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. मोटारींचे आणि दुचाकींचे मोठे कारखाने त्यानंतर आले. पुढे १९६६ साली पुण्याच्या दुसऱ्या अंगास, हडपसरला, सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. मात्रांच्या संख्येने पाहिले तर आज ती जगातील सर्वांत मोठी लस-उत्पादक संस्था आहे. तात्पर्य, आमच्या परिसरात लशीचा तुटवडा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. जगभरच्या लेकरांसाठी येथून लस जाते. म्हणूनच लस विपुल असूनही ती न पोचणे म्हणजे काय, हे येथे अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम किमतीविषयी. लशीची किंमत ही जणू निसर्गाने ठरविलेली असते, असे आपण समजतो. पुण्यातच घडलेले एक उदाहरण हा समज दूर करते. आफ्रिकेत सेनेगालपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार मरण पावली. श्रीमंत देशांत हा रोग विरळ असल्यामुळे त्यावरची लस करण्यात मोठ्या कंपन्यांना रस नव्हता. त्या गरीब देशांच्या आरोग्याधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले, की मात्रेमागे अर्ध्या डॉलरपेक्षा अधिक किंमत आम्हांस परवडणार नाही. तेव्हा नेहमीचा क्रम उलटा करण्यात आला. आधी किंमत ठरली आणि मग त्या किमतीत बसेल अशी लस तयार करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्था यांनी प्रकल्प उभारला, तंत्रज्ञान अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळेतून आले आणि उत्पादनाची जबाबदारी सीरमने घेतली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासो या देशात ती प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या सर्वांना, म्हणजे मुलांना आणि तरुणांना, ती द्यावयाची होती. रोगाच्या ज्या प्रकारावर ती होती, तो प्रकार त्या पट्ट्यातून पुढे जवळजवळ नाहीसा झाला. किंमत ठरविणे ही केवळ व्यापारी बाब नसून ती माणसाने केलेली निवड आहे, आणि जेथे निवड आहे तेथे नीती आहेच, हे या हकिकतीवरून ध्यानात यावे.

तथापि अर्ध्या डॉलरची किंमत ही कारखान्याच्या दारापर्यंतची किंमत झाली. दारातून बाहेर पडल्यावर लशीचा खरा प्रवास सुरू होतो. बहुतेक लशी दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. त्याहून उष्ण झाल्या तर निकामी होतात, आणि काही गोठल्या तरी निकामी होतात. म्हणून राज्याच्या कोठारापासून जिल्ह्याच्या कोठारापर्यंत, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि तेथून बर्फाच्या पेटीतून वस्तीपर्यंत थंडाव्याची साखळी अखंड राखावी लागते. तीत वीज आली, वाहन आले, एकदा वापरून मोडावयाच्या सिरिंजा आल्या, नोंदवही आली आणि पेटी खांद्याला अडकवून चालणारी परिचारिका आली. वर सांगितलेल्या आफ्रिकेतील लशीला शेवटच्या टप्प्यात चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस ठेवण्यास २०१२ साली मान्यता मिळाली. तेवढ्याने थंडाव्यावरचा खर्च निम्म्याच्या आसपास वाचू शकेल, असा हिशेब चाड देशातील मोहिमेच्या अभ्यासातून निघाला. केवळ बर्फाचा खर्च एवढा असू शकतो, मग माणसांच्या श्रमांचा किती असेल?

आता दूरचा आफ्रिका सोडून आपल्या चाकणकडे वळू. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली, की आमच्या महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका सुरू होतो. चिंबळी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही गावे गेल्या पंचवीस वर्षांत कारखान्यांनी वेढली गेली. महापालिकेचा दवाखाना नदीच्या अलीकडे, जिल्हा परिषदेचे आरोग्य केंद्र पलीकडे. परंतु मजुराचे कुटुंब हद्दीचा नकाशा पाहून बिऱ्हाड करीत नाही. बाप सहा महिने मोशीच्या इमारतीवर असतो, पुढचे सहा महिने निघोज्याच्या शेडवर. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली ही कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. काम संपले, की मुकादम नेईल तेथे जातात. बाळाचा जन्म गावी, पहिली लस गावी, दुसरी पिंपरीत, तिसरी कोठेच नाही. लशींचे कार्ड सामानाच्या गाठोड्यात हरवते, आणि नव्या ठिकाणच्या यादीत त्या बाळाचे नावच नसते.

अशा वस्तीत लसीकरणाचा दिवस उजाडला, असे समजा. सत्र दिवसा आहे, आईचे कामही दिवसा आहे. बाळाला घेऊन ती गेली तर खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. समजा, तिची रोजी पाचशे रुपये आहे. तर त्या ‘मोफत’ लशीसाठी तिने पाचशे रुपये मोजले. कायम नोकरीत असलेली आई रजा टाकते आणि तिच्या पगाराला धक्का लागत नाही. म्हणजे एकाच लशीसाठी पोट भरलेल्याकडून काहीच घेतले जात नाही आणि हातावर पोट असलेल्याकडून दिवसाची भाकर घेतली जाते. ही रक्कम सरकारी हिशेबात येत नाही, म्हणून सत्र स्वस्त पडले असे आपण मानतो. वास्तविक खर्च कमी झालेला नाही. तो केवळ आपल्या वहीतून पुसून तिच्या पदरात टाकला गेला आहे.

त्यातून आणखी एक प्रसंग उद्भवतो. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. एका कुपीत अनेक मुलांच्या मात्रा असतात. ती एकदा द्रावणात मिसळली, की चार तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते. खाडा पाडून आलेली ही आई एकटीच असेल, तर परिचारिकेने काय करावे? कुपी फोडली तर बाकीच्या मात्रा वाया जाण्याचे भय. न फोडली तर ‘पुढल्या खेपेस या’ असे सांगावे लागते. पुढली खेप येईपर्यंत मुकादमाने ते कुटुंब दुसरीकडे हलविलेले असते. येथे दोन नासाड्या समोरासमोर उभ्या राहतात. एक औषधाची, जी मोजता येते. आणि दुसरी त्या बाईच्या मजुरीची व विश्वासाची, जी मोजली जात नाही. आमच्या मते कुपी फोडावी. औषध पुन्हा तयार करता येते. परत पाठविलेली आई पुन्हा येईलच, असे नाही.

किशोरवयीनांची गोष्ट याहून अवघड आहे. तान्हे बाळ कडेवर घेऊन दवाखान्यात नेता येते. दहा वर्षांची मुलगी आजारी नसताना दवाखान्यात कशाला जाईल? धनुर्वात व घटसर्प यांवरची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाची असते, याची आठवण किती घरांत असते? या वयासाठी शाळा हाच सोपा रस्ता. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि ती प्रामुख्याने शाळाशाळांतूनच पार पडली. एका वर्गात चाळीस मुले रांगेने उभी असली, की माणशी खर्च उतरतो. परंतु शाळा सोडून धाकट्या भावंडाला सांभाळणारी, चहाच्या टपरीवर कपबशा विसळणारी मुले त्या रांगेत नसतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लशीचेही तेच. २०२० च्या अंदाजाप्रमाणे या रोगाने आपल्या देशात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना ग्रासले आणि पाऊण लाखाहून अधिक दगावल्या. नऊ ते चौदा या वयात लस मिळाली तर पुष्कळ अंशी तो टळतो. सीरमने भारतात तयार केलेली अशी पहिली लस २०२३ च्या जानेवारीत आणली. खाजगी बाजारात तिची किंमत मात्रेस सुमारे दोन हजार रुपये होती. आमच्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे आपल्या मुलींसाठी ती रक्कम काढू शकतील. परंतु शाळेबाहेर पडलेल्या मुलीला केवळ किंमत उतरून ती मिळणार नाही. तिला शोधून काढावे लागेल, आणि शोधण्याचा खर्च कुपीवर छापलेला नसतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. तिजोरी अमर्याद नाही. दूरच्या एका मुलाला शोधण्यास जेवढा पैसा लागतो, तेवढ्यात जवळची तीन मुले सुरक्षित होत असतील, तर एकासाठी तिघांना वंचित ठेवणे ही कोणती दया? असे म्हणणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. मर्यादित धनातून अधिकांत अधिक जीव वाचावेत, हीच त्याची कळकळ असते.

या आक्षेपाचे एक उत्तर रोगच देतो. गोवराची साथ रोखावयाची तर शंभरांतील पंचाण्णवांना संरक्षण असावे लागते. उरलेली पाच मुले शहरभर विखुरलेली नसतात. ती एकाच वस्तीत, एकाच पत्र्याच्या चाळीत दाटीने राहतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने उचल खाल्ली आणि मुले दगावली. आमच्या शहरातही चिखलीच्या कुदळवाडी भागात रुग्ण आढळले, आणि मग घरोघर पाहणी व जादा सत्रे करावी लागली. जो खर्च आधी महाग वाटला होता, तोच नंतर घाईने करावा लागतो. फरक एवढाच, की मधल्या काळात काही लेकरे तापाने फणफणून गेलेली असतात.

परंतु केवळ या उत्तरावर थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. साथीचे भय नसते, तर त्या मुलाला सोडून द्यावयास हरकत नव्हती, असा त्याचा अर्थ होईल. प्रत्येक रोग संसर्गाने पसरत नाही. धनुर्वात एका मुलापासून दुसऱ्याला होत नाही. मग त्यापासून दूरच्या मुलाला वाचविण्याचे कारण कोणते?

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावयास हवी. जवळचे मूल ‘स्वस्त’ का पडते? त्याच्या घरापर्यंत रस्ता आहे, जवळ दवाखाना आहे, घराला पत्ता आहे, आईला रजा आहे, शाळेत पटावर नाव आहे. या सर्वांवर समाजाने पूर्वीच पैसा खर्च केलेला आहे. दूरचे मूल ‘महाग’ पडते, कारण यांतील काहीच त्याच्या वाट्याला आलेले नाही. म्हणजे आज त्याच्यावर जो जादा खर्च दिसतो, तो नवा उपकार नव्हे; ती जुनी थकबाकी आहे. कुदळवाडीतील हजारो बांधकामे २०२५ च्या फेब्रुवारीत पाडण्यात आली. ती कारवाई योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या दिवशी एखाद्या कुटुंबाचा पत्ता पुसला जातो, त्या दिवशी त्याच्या मुलाची लस महाग होते, हे तरी मान्य करावे लागेल. ज्याचे देणे आपण वर्षानुवर्षे थकविले, त्यालाच पुढे ‘तू फार खर्चिक आहेस’ असे ऐकविणे, हा न्याय होऊ शकत नाही.

याचा अर्थ पैसा डोळे मिटून उधळावा, असा नव्हे. काटकसर हाही सद्‌गुण आहे; फक्त ती खरी असली पाहिजे. खर्च कमी करणे आणि खर्च दुबळ्याच्या अंगावर ढकलणे, यांत भेद आहे. संध्याकाळी पाळी सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी कामगारवस्तीत सत्र ठेवले, तर आईचा खाडा वाचतो आणि कुपीभोवती पुरेशी मुले जमून मात्राही वाया जात नाहीत. ही खरी काटकसर. याउलट वस्तीवस्तीतून मुलांना गोळा करणाऱ्या आशा सेविकेला ‘स्वयंसेविका’ म्हणावयाचे, आणि वर्षभर पाठपुरावा करून एका बालकाच्या सर्व लसी पूर्ण करून घेतल्या तर त्यापोटी शंभर रुपये द्यावयाचे, ही काटकसर नव्हे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जाहीर गौरव केला; त्याच्या पुढल्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. लस पोचविणे स्वस्त पडते असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या स्वस्ताईचा एक भाग या बायांच्या पायपिटीतून आलेला असतो.

दुसरी खोटी बचत संमतीची. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यास दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममधील पुष्कळ मुली वसतिगृहांत राहणाऱ्या, गरीब आदिवासी घरांतल्या. आईबापांना समजावून विचारण्याऐवजी अनेक ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेण्यात आल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० च्या एप्रिलात प्रकल्प थांबला. ते मृत्यू बहुधा लशीमुळे झाले नाहीत, असे चौकशीत दिसून आले; परंतु संमतीच्या बाबतीत झालेल्या ढिलाईवर संसदीय समितीने २०१३ साली कडक ठपका ठेवला. सही गोळा करण्यास एक दुपार पुरते. घरोघर जाऊन आईबापांशी बोलण्यास आठवडे लागतात. ते आठवडे वाचविले गेले, आणि चांगल्या लशीविषयीचा संशय मात्र पुढे कित्येक वर्षे टिकला. गरिबाला विचारणे हाही लस पोचविण्याचा खर्च आहे. तो वाचविणे म्हणजे त्याच्या माणूसपणात काटछाट करणे होय.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणारा तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पण त्याने केलेला खर्च आपण कधी मांडून पाहिला आहे काय? तेल आणि द्राक्षारस हे त्यातले औषध. त्याची किंमत शुभवर्तमानात सांगितलेली नाही. सांगितले आहे ते पुढचे. जखमीला आपल्या जनावरावर बसविले, म्हणजे स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेले, रात्रभर शुश्रूषा केली, आणि सकाळी उतारशाळेच्या चालकाला दोन दीनार दिले. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावरून कळते, की दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची मजुरी त्याने आपल्या पदरची दिली. जखमीच्या खात्यावर लिहिली नाही. उतारशाळेच्या चालकाकडून ती सेवा धर्मादाय म्हणूनही मागितली नाही, त्याचे पैसे चुकते केले. आणि याहून अधिक लागले तर परत येताना देईन, असा शब्द दिला. औषध, वाहन, सेवकाचा मोबदला, आणि न संपणाऱ्या जबाबदारीचा स्वीकार, असा पूर्ण हिशेब त्या लहानशा दाखल्यात आहे. त्यात तेलावरच थांबणारी दया नाही.

वाचकहो, आपल्या समाजातील अनेक कुटुंबे दोन पिढ्यांपूर्वी याच कारखान्यांच्या ओढीने गोव्यातून, मंगळुराहून, केरळातून, नगर-जालन्याकडून येथे आली. त्या काळी ज्यांना कंपनीची कायम नोकरी, वसाहतीतील घर आणि दवाखान्याची सोय लाभली, त्यांची मुले ‘स्वस्त’ झाली. आज आपल्यांतील कोणी कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, कोणी ठेकेदार, कोणी शाळांत शिक्षिका, कोणी गृहरचना संस्थांचे पदाधिकारी. मजूर बाईला लसीकरणाच्या दिवशी पगारी अर्धी सुट्टी देणे ठेकेदाराच्या हाती आहे. संस्थेचे सभागृह एका संध्याकाळी सत्रासाठी उघडून देणे पदाधिकाऱ्यांच्या हाती आहे. पटावरून गळालेल्या मुलीचे नाव आशा सेविकेला कळविणे शिक्षिकेच्या हाती आहे. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिच्या लेकरांच्या लशी झाल्या का, असे विचारणे आणि त्या दिवशीचा तिचा खाडा न कापणे आपणां सर्वांच्याच हाती आहे.

असे केल्याने शेवटच्या लेकराचा खर्च नाहीसा होणार नाही. तो कोणाला तरी करावाच लागेल. परंतु तो त्याच्या आईच्या एकटीच्या पदरातून न जाता, ज्यांना पेलवतो अशांच्या खांद्यांवर येईल. भिंतीवरचा ‘मोफत’ हा शब्द त्या आईच्या बाबतीत खरा करणे, एवढे तरी आपले तिच्याकडे देणे लागते.